पंचतारांकित हॉटेलातून काय आणावे?

मुंबईतील पंचतारांकित हॉटेलात एक रात्र राहायचे तर आज सहज दहा हजार रुपये, आणि बऱ्याचदा त्याहून खूप जास्त मोजावे लागतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. म्हणजे लाखांदूर किंवा पवनीच्या शेतकऱ्याने चार क्विंटलांहून जास्त धान विकले, तर त्याला तिथे एक रात्र झोपता येईल, जेवणाचे वेगळे. तरीही भंडारा जिल्ह्यातून अशा हॉटेलांत जाणारी माणसे आता कमी नाहीत. मुलगा किंवा मुलगी पुण्या-मुंबईत नोकरीला लागली की आईवडिलांना एकदा तरी नेते. कंपन्या आपल्या विक्रेत्यांना बैठकीसाठी नेतात. डॉक्टरांच्या परिषदा तिथेच भरतात. नागपूर तर हाकेच्या अंतरावर. तिथल्या मोठ्या हॉटेलातले लग्न आपल्याकडे आलेल्या पत्रिकांवरही दिसू लागले आहे.

जायला हरकत काहीच नाही. माणसाने एकदा तरी मऊ गादीवर झोपावे, कुणी वाढलेले निवांत खावे. प्रश्न आहे तो परत येताना आपण काय आणतो याचा. मोबाइलमधले फोटो आणि न्हाणीघरातल्या साबणाच्या छोट्या वड्या तर येतातच. त्याखेरीज एक गोष्ट हळूहळू आपल्या जिल्ह्यात येऊन रुजली आहे, ती म्हणजे तिथल्या बुफेचा थाट. तुमसर, साकोली, मोहाडी, कुठल्याही लग्नात आता वेलकम ड्रिंक, चाटचे वेगळे टेबल, लाइव्ह काउंटर, तीन गोड पदार्थ आणि दोन रंगांचा भात दिसतो. हॉटेलातले जे डोळ्यांत भरले ते आपण उचलले. पण तिथे येणाऱ्या शेकडो पाहुण्यांचे पोट ज्यामुळे सांभाळले जाते, ते डोळ्यांना दिसत नाही. आणि ते आपण तिथेच ठेवून आलो.

भंडारा पितळी भांड्यांसाठी ओळखला जातो, म्हणून इथल्या वाचकाला हा मुद्दा एका शब्दात कळेल: कल्हई. पितळेचे पातेले बाहेरून कितीही लखलखीत घासले, तरी आत कल्हई नसेल तर त्यात शिजवलेली आंबट वस्तू कळकते. आंबटाने पितळेतले तांबे अन्नात उतरते आणि खाणाऱ्याला मळमळते, उलट्या होतात. घरच्या आजीला हे रसायनशास्त्र न शिकता ठाऊक होते. ती भांडे विकत घेताना बाहेरची चकाकी बघे आणि वापरताना आतली कल्हई. मोठ्या हॉटेलाकडेही असेच बघायला हवे.

हॉटेल आणि हॉस्पिटल

इंग्रजीतले हॉटेल आणि हॉस्पिटल हे दोन्ही शब्द पाहुण्यासाठीच्या एकाच लॅटिन शब्दापासून आले आहेत. आपल्याकडच्या सर्वांत प्रसिद्ध हॉटेलाचा इतिहास पाहिला, तर हे नाते फक्त शब्दांचे नाही हे लक्षात येते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला. माणसे शहर सोडून पळत होती. पुढच्याच वर्षी, १८९७ मध्ये, हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार केली. त्या सावटातून शहर पुरते बाहेर आले नव्हते, तेव्हा जमशेटजी टाटांनी समुद्रकाठी ताजमहाल हॉटेल उभे केले. ते १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाले. विजेचे दिवे, पंखे, लिफ्ट अशा सोयी त्यात होत्या. पहिल्या महायुद्धात याच इमारतीत ६०० खाटांचे रुग्णालय उघडण्यात आले. आणि २०२० मध्ये करोनाच्या पहिल्या लाटेत ताज समूहाने मुंबईतील डॉक्टर व आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी आपल्या हॉटेलांच्या खोल्या उघडल्या.

हॉटेलाचे रुग्णालय होऊ शकते, कारण दोघांचा पाया एकच आहे. स्वच्छ पाणी, धुतलेल्या चादरी, खेळती हवा, वेळेवर आणि निर्धोक शिजलेले अन्न, संकटात बाहेर पडायची वाट आणि हे सगळे रोज नेमाने करणारी माणसे. संगमरवर आणि झुंबर काढून टाकले तरी हॉटेल चालेल. या गोष्टी काढल्या तर दोन दिवसांत बंद पडेल.

बुफेपुढे पोट का हरते

आधी जे आपण उचलून आणले त्याचा हिशेब करू. बुफेसमोर उभे राहिले की नेहमी दोन पोळ्या खाणारा माणूसही ताट शिगोशीग भरतो. यात हावरटपणापेक्षा मेंदूची रचना जास्त आहे. एकच पदार्थ खात गेलो की काही घासांनंतर त्याची गोडी कमी होते. पण चव, रंग किंवा पोत बदलला की भूक पुन्हा जागी होते. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना एकाच सारणाची सँडविचे दिली आणि दुसऱ्या वेळी चार वेगवेगळ्या सारणांची दिली. चार प्रकार मिळाले तेव्हा त्यांनी सुमारे एक तृतीयांश जास्त खाल्ले. भूक तीच, पोट तेच. वरण-भात-भाजी-पोळीने भरलेल्या पोटात गुलाबजामला जागा कशी मिळते, याचे उत्तर हेच आहे.

रानावनात भटकणाऱ्या आपल्या पूर्वजांना या रचनेचा उपयोग होता. निरनिराळे खाल्ल्याने निरनिराळी पोषणद्रव्ये मिळत. पन्नास पदार्थ मांडलेल्या टेबलापुढे मात्र तीच रचना आपल्याला फसवते. त्यात मिठाची भर पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण चमचाभरापेक्षा, कमी मीठ खावे. लोणचे, पापड, सूप, चायनीजचे सॉस, पनीरच्या दोन रस्साभाज्या आणि चाट एकाच बैठकीत पोटात गेले तर ही मर्यादा त्या एका जेवणातच ओलांडली जाऊ शकते. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याने दुसऱ्या दिवशी आपला दाब का वाढला म्हणून गोळीला दोष देऊ नये.

मग हॉटेलात जाऊन खायचेच नाही का? खावे, पण एक साधा नियम पाळावा. ताट हातात घेण्याआधी सगळ्या टेबलांभोवती एक फेरी मारावी, काय हवे ते तीन-चार पदार्थ ठरवावेत, आणि बसून खावे. उभ्याने, गप्पांच्या नादात किती खाल्ले याचा अंदाज राहत नाही. आपल्या पंगतीत वाढपी पुढे सरकायचा आणि पुन्हा यायला त्याला वेळ लागायचा. तेवढ्यात पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचायचा. पंगतीला मागासलेली ठरवून आपण हा लगाम हातचा घालवला.

बुफेचा दुसरा तोटा कचऱ्याच्या ढिगात दिसतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातले सर्वाधिक घरांतून गेले, आणि त्याखालोखाल २९ कोटी टन हॉटेले, खानावळी व केटरिंगमधून. टेबल रिकामे दिसता कामा नये या हट्टाची किंमत ही आहे. इथे एक क्विंटल धानासाठी चिखलात वाकून रोवणी करणारी बाई असते, आणि तिथे, आणि आता आपल्या मांडवातही, भाताचे पातेलेच्या पातेले ओतले जाते.

भात किती वाजता उतरवला?

आता जे आणायला हवे होते त्याकडे येऊ. चांगल्या हॉटेलाच्या स्वयंपाकघरात सर्वांत महत्त्वाचे हत्यार सुरी नसते. ते असते थर्मामीटर. शिजलेला पदार्थ किती अंशांवर आहे, तो केव्हा शिजला, केव्हा गार केला, याची नोंद ठेवली जाते. कच्चे मांस, मासे आणि भाजी चिरायचे फळे वेगवेगळ्या रंगांचे असतात, म्हणजे कोंबडीच्या फळ्यावर कोशिंबिरीची काकडी चुकूनही चिरली जात नाही. या पद्धतीचे मूळ अवकाशात आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत अंतराळवीरांसाठी अन्न बनवताना एक अडचण आली. तयार डब्यांची तपासणी करत बसले तर तपासणीतच सगळे डबे संपायचे, आणि अवकाशात कुणाला जुलाब लागणे तर परवडणारे नव्हते. तेव्हा ‘नासा’ आणि पिल्सबरी कंपनीने उलटा विचार केला: अन्न बिघडण्याच्या जागा वाटेतच हेरायच्या आणि तिथे पहारा ठेवायचा. आज जगभरच्या मोठ्या स्वयंपाकघरांत हीच पद्धत चालते.

पहारा ठेवायचा म्हणजे काय, हे जागतिक आरोग्य संघटनेने अगदी थोडक्यात सांगितले आहे. गरम खायचे अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवा, गार ठेवायचे ते पाच अंशांच्या खाली; आणि मधल्या तापमानात शिजलेले अन्न दोन तासांहून जास्त राहू देऊ नका. या मधल्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. अनुकूल परिस्थितीत काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. वीस मिनिटांचा हिशेब धरला तर एका जंतूचे सात तासांत वीस लाखांहून जास्त होतात. अमेरिकेतील अन्नसुरक्षेचा सल्ला तर असा आहे की हवा ३२ अंशांपेक्षा गरम असेल तर दोन तासांची मुदत एका तासावर आणावी. भंडाऱ्याच्या मे महिन्यात मांडवाखाली ४० अंशांच्या वर पारा असतो. म्हणजे लग्नसराईच्या ऐन हंगामात आपल्याकडे मुदत तासाभराचीच धरायला हवी.

प्रत्यक्षात काय होते? मुहूर्त सकाळी अकराचा असतो. केटररची माणसे भल्या पहाटे चुली पेटवतात, नऊ-दहापर्यंत भात उतरतो. वरात नाचत-नाचत येते, लग्न दीड-दोनला लागते, आणि शेवटचा पाहुणा चारला जेवतो. तोवर तो भात मोठ्या पातेल्यात झाकून कोमट राहिलेला असतो. खाली स्टीलच्या डब्यात पाणी आणि छोटी ज्योत असलेली भांडी आता आपल्याकडेही आली. पण ज्योत दोन वाजता विझली तर पुन्हा पेटवायचे कुणाला सुचत नाही. तिथे भांडे शोभेचे राहते.

आपला जिल्हा भाताचा. चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळाले म्हणून आपण अभिमानाने सांगतो. तेव्हा भातातला एक जंतू आपल्याला नावानिशी माहीत असायला हवा: बॅसिलस सेरियस. तो मातीत असतो आणि तांदळाबरोबर घरात येतो. त्याचे बीजाणू इतके चिवट की भात शिजला तरी मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन् तास पडून राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. यातले उलट्या घडवणारे विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये चिनी खानावळींतला परतलेला भात खाऊन लोक आजारी पडू लागले, तेव्हा या जंतूकडे लक्ष गेले. आदल्या रात्रीचा भात बाहेरच ठेवून सकाळी परतला जाई. ‘चांगला कडक तापवला, आता काय होतंय’ ही आपली समजूत इथे लागू पडत नाही.

यावरचा उपाय हॉटेलातला आचारी रोज करतो आणि तो आपल्या घरात करायला एक पैसाही लागत नाही. उरलेला भात खोल पातेल्यात तसाच ठेवला तर मधली उष्णता कित्येक तास निघत नाही. तो पसरट परातीत पातळ थराने पसरला, तर लवकर निवतो. निवल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवावा आणि खाताना एकदाच, वाफ येईपर्यंत गरम करावा. फ्रिज नसेल तर तेवढाच शिजवावा. भंडाऱ्याची पितळी परात यासाठी उत्तम. फक्त कल्हई बघून घ्यावी.

हात, पाणी आणि रिकामी खोली

स्वयंपाकघरातला दुसरा पहारा हातांवर असतो. स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू निरोगी माणसाच्या नाकातही असतो आणि पिकलेल्या जखमेत तर भरपूर. बोटाला कापल्याची पट्टी असलेला माणूस पेढे वळत असेल, रबडी ढवळत असेल, तर तो जंतू दुधाच्या पदार्थात उतरतो. त्याचेही विष उष्णतेला दाद देत नाही. म्हणूनच अन्नसुरक्षा कायद्याखालील नियमांत अन्न हाताळणाऱ्या माणसांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी सांगितली आहे. हा नियम पंचतारांकितांपुरता नाही. तो लग्नाच्या केटररला, वसतिगृहाच्या खानावळीलाही आहे. आपण केटररशी ताटामागे दर किती यावर तासभर घासाघीस करतो. नोंदणी किंवा परवाना आहे का, वाढप्यांची तपासणी झाली का, हात धुवायला साबण-पाणी कुठे ठेवणार, हे तीन प्रश्न विचारायला दोन मिनिटे पुरतात.

मोठ्या नावावर डोळे मिटून विश्वास टाकावा असेही मी म्हणत नाही. नाव मोठे असले तरी निगा चुकली की हॉटेलही आजार वाटते. जुलै १९७६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड या नामांकित हॉटेलात माजी सैनिकांचे अधिवेशन भरले. त्यानंतर दोनशेहून अधिक जणांना विचित्र न्यूमोनिया झाला आणि ३४ जण दगावले. सहा महिन्यांनी त्यामागचा जंतू सापडला. त्याला लिजिओनेला नाव मिळाले. तो कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि पाण्याच्या सूक्ष्म तुषारांतून श्वासात जातो. वातानुकूलन यंत्रणेचे पाणी हे त्याचे घर असल्याचा संशय होता. त्याच वर्षी ते हॉटेल बंद पडले. यातून शिकण्यासारखी गोष्ट हॉटेलात न जाणाऱ्यांनाही उपयोगाची आहे. सुट्टीनंतर उघडलेले वसतिगृह, बरेच दिवस बंद असलेले विश्रामगृह किंवा घर असेल, तर नळ व शॉवर काही मिनिटे वाहू द्यावेत, तेव्हा जवळ उभे राहू नये, आणि टाकी धुतल्याखेरीज वापरू नये.

२००३ च्या फेब्रुवारीत हाँगकाँगच्या मेट्रोपोल हॉटेलात एक आजारी डॉक्टर उतरला. त्याच्याच मजल्यावर राहिलेल्या पाहुण्यांबरोबर सार्सचा विषाणू व्हिएतनाम, सिंगापूर आणि कॅनडापर्यंत गेला. हवा कुठून येते आणि कुठे जाते, हा प्रश्न भाडे किती आहे यावर अवलंबून नसतो. खोकला-ताप असताना मेजवानीला न जाणे, हा आहेर पाकिटातल्या आहेरापेक्षा मोलाचा आहे.

पाण्याबद्दल आपल्या जिल्ह्याने आणखी एक गोष्ट बोलायला हवी. मोठ्या शहराचा सुखसोयीचा खर्च त्या शहराच्या हद्दीत संपत नाही. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि पुढे वैनगंगेवरच्या गोसेखुर्द जलाशयात येते. शहरातल्या घरांचे, कारखान्यांचे, तसेच हॉटेलांच्या न्हाणीघरांचे आणि धुलाईचेही. तिथे पाहुण्याने टॉवेल एकदाच वापरून टोपलीत टाकला की तो धुतलेले पाणी आपल्या दिशेने निघते. म्हणून खोलीतल्या ‘टॉवेल पुन्हा वापरा’ या पाटीकडे भंडारेकराने तरी दुर्लक्ष करू नये. आणि नाग नदीचे पाणी शुद्ध करूनच पुढे सोडा, ही मागणी फक्त पर्यावरणवाल्यांची मानू नये.

झोप कशाने लागते

महागड्या खोलीत पहिल्या रात्री झोप का लागत नाही, अशी तक्रार अनेक जण करतात. यालाही कारण आहे. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले की अनोळखी जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त जागरूक असते, जणू राखण करते. दुसऱ्या रात्रीपासून ती निवते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी मुलाखत, परीक्षा किंवा शस्त्रक्रिया असेल तर जमल्यास एक दिवस आधी पोहोचावे. हॉटेल भारी घेण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त. बाकी त्या खोलीत झोपेला मदत करणाऱ्या गोष्टी तीनच: काळोख, शांतता आणि गारवा. जाड पडदा घरी लावता येतो. रात्री दहानंतरचा डीजे बंद ठेवणे तर आपल्याच हातात आहे.

दारामागचा नकाशा

हॉटेलाच्या खोलीत सर्वांत कमी वाचला जाणारा कागद दाराच्या आतल्या बाजूला लावलेला असतो. आग लागली तर कोणत्या जिन्याने उतरायचे, याचा तो नकाशा. तो तिथे उगाच आलेला नाही. नोव्हेंबर १९८० मध्ये लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँड या आलिशान हॉटेलाला आग लागली. ८० हून अधिक माणसे गेली. आग खालच्या मजल्यावर होती, पण मेलेल्यांतले बहुतेक वरच्या मजल्यांवरचे होते. त्यांना ज्वाळांनी नाही, जिन्यांतून आणि हवेच्या मार्गांतून वर चढलेल्या धुराने मारले. त्यानंतर तिथले नियम कडक झाले. छतातून आपोआप पाणी सोडणारी तोटी आणि धूर ओळखून वाजणारी घंटा यांचा आग्रह वाढला.

धुराची गोष्ट भंडाऱ्याला कुणी परदेशातून सांगायची गरज नाही. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशूंच्या कक्षात आग लागली. कक्षात १७ बाळे होती. सात वाचली. दहा गेली, तिघे भाजून, आणि सातजण धुराने गुदमरून. त्या इमारतीत आगीशी लढणारी पुरेशी यंत्रणा नव्हती आणि त्यासाठीचा प्रस्ताव मंजुरीची वाट पाहत पडून होता, असे नंतर समोर आले.

दहा हजार रुपये मोजणाऱ्या पाहुण्याच्या डोक्यावर छतात धूर ओळखणारे एक छोटे यंत्र असते. पाहुणा ते बघतही नाही. जन्मून काही दिवसही न झालेल्या, चालता न येणाऱ्या, रडण्याखेरीज काही न सांगता येणाऱ्या बाळाच्या डोक्यावर मात्र ते असण्यासाठी फाइल हलावी लागते. चैन आणि गरज यांच्यातली सीमा आपण किती चुकीच्या जागी आखली आहे, हे याहून स्पष्ट दिसणार नाही. झुंबर चैन आहे. धूर ओळखणारी घंटा, मोकळा ठेवलेला दुसरा दरवाजा, वर्षातून दोनदा केलेली सुटकेची रंगीत तालीम, रुग्णालयातली धुतलेली चादर, वेळेवर आणि योग्य तापमानाला मिळालेले जेवण, या गोष्टी चैनीत मोडत नाहीत. त्या पाहुण्याला मिळतात, कारण त्याने पैसे मोजलेले असतात आणि तो तक्रार करू शकतो. रुग्णाला, वसतिगृहातल्या मुलीला, अंगणवाडीतल्या पोराला त्या हक्काने मिळायला हव्यात.

त्यासाठी फार मोठी रक्कम लागते, हे कारण प्रत्येक ठिकाणी खरे नसते. अग्निसुरक्षेला पैसा लागतो आणि तो शासनाने द्यायलाच हवा. पण आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात अन्नात खुपसायचा थर्मामीटर काहीशे रुपयांत येतो. भात दोन खेपांत शिजवायला जादा तांदूळ लागत नाही. हात धुण्याची जागा चुलीजवळ करायला एक नळ पुरतो. जिल्ह्यातल्या प्रत्येक वसतिगृहाने आणि आश्रमशाळेने भिंतीवर एक वही टांगावी: आज काय शिजले, किती वाजता उतरले, किती वाजता वाढले, कुणी चाखले. पालक सभेला आलेल्या आईबापांनी मुलांचे गुण बघण्याआधी ती वही बघावी. ग्रामपंचायतीने मंगल कार्यालयाला परवानगी देताना दुसरा दरवाजा उघडतो की त्यापुढे खुर्च्या रचल्या आहेत, ते बघावे. आणि जिल्हा रुग्णालयापासून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत प्रत्येक कक्षाच्या दारामागे सुटकेचा नकाशा लावावा, आणि तो बघून तिथल्या परिचारिकेला अंधारातही बाहेर पडता यावे इतका सराव तिच्याकडून करून घ्यावा.

येत्या लग्नसराईत जेव्हा यजमान अभिमानाने सांगतील की बुफेत चाळीस पदार्थ आहेत, तेव्हा कौतुक जरूर करावे. मग घरचे म्हणून हळूच विचारावे, ‘भाऊ, भात किती वाजता उतरवला?’ हा प्रश्न ऐकून कुणी नाराज होईल, कुणी हसेल. पण दहा मांडवांत तो विचारला गेला, तर अकराव्या मांडवातला केटरर भात उशिरा उतरवायला शिकेल. मोठ्या शहरातल्या हॉटेलातून आणायची वस्तू ती हीच आहे. तिला भाडे पडत नाही आणि ती पिशवीत जागाही घेत नाही.